साहेबांनी बटण कुठलं दाबलं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की आमदार-खासदारांच्या सभागृहातल्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. आली भरपूर, आणि निम्म्यांत प्रश्न कमी नि राग जास्त होता. राग बाजूला काढून जे प्रश्न उरले ते इथे घेतोय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

आमच्या खासदारांच्या ऑफिसला मेल केला होता की पाच वर्षांत कुठल्या विधेयकावर काय मत दिलं त्याची यादी द्या. उत्तरादाखल गुळगुळीत कागदाचा कार्यअहवाल आला. भूमिपूजनं, हायमास्ट दिवे, सत्काराचे फोटो. मत कुठेच नाही. ही यादी मिळते कुठे? (निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

सर, ती यादी त्यांच्याकडे नसणार, आणि यात सगळाच दोष त्यांचा नाहीये. आपल्याकडे बहुतेक विधेयकांवर कोणी काय मत दिलं हे लिहूनच ठेवत नाहीत. आवाजी मतदान होतं. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील ते ‘हाँ’ म्हणा, विरोधात असतील ते ‘ना’ म्हणा, दोन्हीकडून आरडाओरडा होतो, अध्यक्ष म्हणतात मला वाटतं हाँ वाल्यांची जीत झाली, कोणी हरकत घेतली नाही तर झालं, कायदा पास. तुमचे खासदार त्यात ओरडले का गप्प बसले का मोबाईल बघत होते, हे कागदावर कुठेच येत नाही.

नाव कागदावर येतं ते फक्त मतविभागणी झाली तर. कोणीतरी अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान द्यायचं, मग ‘लॉबी क्लिअर करा’ असा हुकूम निघतो, घंटा वाजायला लागते, चहाला गेलेले, गॅलरीत बोलत उभे असलेले सगळे पळत आत येतात. लोकसभेच्या नियमात त्यासाठी साडेतीन मिनिटं ठेवलीयेत. मग दारं बंद, प्रश्न परत एकदा मांडला जातो, आणि बटणं. हिरवं म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळं म्हणजे तटस्थ. बोर्डावर आकडा झळकतो तो शेवटचा नसतो बरं का. कुणाचं बटण चाललेलं नसतं, कुणी चुकून भलतंच दाबलेलं असतं, ते कागदाची चिठ्ठी भरून देतात, म्हणून अध्यक्ष निकाल सांगताना ‘दुरुस्तीच्या अधीन’ असं म्हणतात. रात्री टीव्हीवरचा आकडा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला आकडा जुळत नाही तो बऱ्याचदा यामुळे, त्यात घोटाळा शोधू नका.

ही नावं संसदेच्या वेबसाईटवर त्या दिवसाच्या चर्चेच्या इतिवृत्तात असतात. शोधताना तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं म्हणजे तारीख. मध्यरात्र उलटून मतदान झालं तरी बैठक आदल्या दिवसाचीच धरतात. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झालं तेव्हा ३ एप्रिल २०२५ उजाडला होता, २८८ विरुद्ध २३२, पण तुम्ही २ तारखेची बैठक उघडायची. दुसरं, घटनादुरुस्तीचा नंबर. विधेयकाचा वेगळा आणि कायदा झाल्यावरचा वेगळा. महिला आरक्षणाचं विधेयक १२८वं होतं, कायदा झाला १०६वा. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांचं १२४वं, कायदा १०३वा. आणि तिसरं म्हणजे एकाच विधेयकावर एकाच रात्रीत बऱ्याच मतविभागण्या होतात, एकेका दुरुस्तीवर वेगळी, कलमावर वेगळी, शेवटच्या मंजुरीवर वेगळी. पहिली सापडली म्हणून खूश होऊन स्क्रीनशॉट काढू नका, ती कशावरची होती ते वरती वाचा. विरोधकाच्या दुरुस्तीला ‘नाही’ म्हणणं आणि विधेयकाला ‘नाही’ म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे निम्मे फोटो नेमके हाच फरक गिळतात.

सुरुवात करायची तर घटनादुरुस्त्यांपासून करा. तिथे दोन तृतीयांशचं बहुमत मोजून दाखवायचं असतं, त्यामुळे आवाजावर भागत नाही, मतविभागणी करावीच लागते.

आता मागितली की मतविभागणी मिळतेच असं वाटत असेल तर २० सप्टेंबर २०२० आठवा. राज्यसभेत शेतीची विधेयकं आवाजी मतदानाने पास झाली, विरोधक मतविभागणी मागत होते, उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं पडलं की मागणारे आपापल्या जागेवर नव्हते. गोंधळ तुम्ही बघितलाच असेल. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यात आपले हिंगोलीकडचे राजीव सातवही होते. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविनाच पास झालं, तेही आवाजीच. म्हणजे राज्यसभेतल्या कुठल्या खासदाराने ते कायदे आणताना काय केलं आणि घालवताना काय केलं, याचा नावानिशी कागद आज कुणीच दाखवू शकत नाही. माझ्या मते आपल्या काळातली सगळ्यात मोठी कोरी जागा हीच.

खासदारांचं समजलं, पण आमदारांचं काय? आमच्या आमदारांनी हिंदीसक्तीच्या वेळी गावात येऊन विरोध केला. विधानसभेत त्यांनी काय मत दिलं ते शोधतोय, सापडत नाहीये. (विद्यार्थी, नाशिक)

सापडणार नाही मित्रा, कारण मतदानच झालं नाही. पहिलीपासून हिंदीचा तो विषय जीआरचा होता. १६ एप्रिल २०२५ चा जीआर, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. जीआर म्हणजे शासन निर्णय, सरकार काढतं आणि सरकारच मागे घेतं, तो सभागृहात मताला येत नाही. आपल्या रोजच्या आयुष्याला भिडणाऱ्या कितीतरी गोष्टी, शाळा, अनुदान, पीकविम्याचे निकष, या अशाच जीआरने ठरतात, त्यामुळे आमदाराचं मत तपासतो म्हटलं तर तपासायला काही नसतंच. तिथे त्याने प्रश्न टाकला का, लक्षवेधी (मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावणारी सूचना) लावली का, एवढंच बघता येतं.

कायद्यांचं म्हणशील तर विधानसभेतही तीच तऱ्हा, फक्त शब्द मराठी. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, होयचं बहुमत, होयचं बहुमत, विधेयक संमत झालं.’ हे इतक्या झपाट्यात म्हणतात की गॅलरीत बसलेला माणूस पहिलं ‘होय’ ऐकेपर्यंत पुढचं विधेयक सुरू झालेलं असतं. एकदा मी स्वतः बसले होते, वहीत नाव लिहून घेईपर्यंत दोन विधेयकं निघून गेली.

अलीकडचं चांगलं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने पास झालं. सभागृहात त्याला सरळ विरोध करणारे आमदार म्हणून नाव येतं ते डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांचं. त्याआधी विधेयक संयुक्त समितीकडे होतं, समितीत विरोधी पक्षांचे बडे नेतेही होते. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि मग बाहेर कडक कडक वक्तव्यं सुरू झाली. आता ते विधेयक चांगलं का वाईट हा वाद इथे नको, पण ज्यांना ते इतकं घातक वाटत होतं त्यांनी विधानसभेत उभं राहून मतविभागणी मागितली असती तर हरले असते तरी नावं राहिली असती. २८८ च्या सभागृहात एकट्या माणसाचं नाव लक्षात राहतं ते उगाच नाही.

विधानसभेत नावं मोजली जातात ती मुख्यतः विश्वासदर्शक ठरावाला, आणि तिथेही दरवेळी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीसांच्या अल्पमतातल्या सरकारने विश्वास जिंकला तो आवाजी मतदानाने, विरोधक मतविभागणी मागत राहिले. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरेंच्या बाजूने १६९, विरोधात शून्य, चार तटस्थ, भाजपचा सभात्याग. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदेंच्या बाजूने १६४, विरोधात ९९. या दोन्ही वेळी शिरगणती झाली, उभं करून मोजले. त्या ९९ कडे नीट बघ. आदल्याच दिवशी अध्यक्षांच्या निवडीत विरोधात १०७ पडली होती, म्हणजे एका रात्रीत आठ कमी. ते आठ कोण आणि कुठे होते हे त्या वेळी पेपरांनी शोधून काढलं, म्हणून आज सांगता येतं.

आमचे खासदार सभेत एखाद्या कायद्याला विरोध करतात आणि दिल्लीत जाऊन पक्षाबरोबर मत देतात. हा सरळ खोटेपणा नाही का? (गृहिणी, कराड)

ताई, कधी खोटेपणा असतो, कधी कात्रीत सापडलेला माणूस असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

कात्री म्हणजे व्हिप. पक्ष चिठ्ठी काढतो की अमुक दिवशी हजर राहा आणि असं असं मत द्या. तीन ओळींचा व्हिप म्हणतात तो सगळ्यात कडक. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तिच्यात असं आहे की पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मत द्यायचं टाळलं, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षाने १५ दिवसांत माफही केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. कायदा आला होता आयाराम-गयारामांना आवरायला. ते किती आवरले हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला मी काय सांगू, घाऊक गेलात तर चालतं, एकट्याने ‘नाही’ म्हणालात तर खुर्ची धोक्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हा कायदा वैध ठरवला तेव्हाच म्हटलं होतं की असा आदेश सरकार टिकण्या-पडण्याच्या किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाच्या मतदानापुरता असावा. पाळतंय कोण? साध्यासुध्या विधेयकालाही व्हिप निघतो.

आणि व्हिप नक्की कुणाचा, हा आपल्याकडचा स्पेशल प्रश्न. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ठाकरेंकडून सुनील प्रभू एक व्हिप काढतायत, शिंदेंकडून भरत गोगावले दुसरा. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की व्हिप, म्हणजे हा आदेश काढणारा प्रतोद, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, गोगावलेंची नेमणूक बेकायदा. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी खरा पक्ष शिंदेंचा असा निर्णय दिला आणि गोगावलेंचा व्हिप वैध धरला. म्हणजे त्या काळात एखाद्या आमदाराने ‘मी पक्षाचा आदेश पाळला’ असं सांगितलं तर पुढचा प्रश्न, कुठल्या पक्षाचा?

पण व्हिप आहे म्हणून सगळं माफ असंही नाही. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक घ्या. डिसेंबर २०१९, राज्यात महाविकास आघाडीचं सरकार येऊन जेमतेम दोन आठवडे. ९ तारखेच्या बैठकीत लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने पास झालं, शिवसेनेने बाजूने मत दिलं. ११ तारखेला राज्यसभेत तेच विधेयक, तोच पक्ष, आणि सभात्याग. दोन दिवसांत विधेयकाचा एक शब्द बदलला नव्हता. इथे एकेका खासदाराला धरून काय उपयोग, हा पक्षाचाच तळ्यात-मळ्यात होता, जाब पक्षाला विचारायचा.

उलट बाजूचं उदाहरण पण देते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. महिला आरक्षण, २० सप्टेंबर २०२३, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. त्या दोघांतले एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील, दुसरे असदुद्दीन ओवेसी. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा कोटा नाही म्हणून विरोध, असं त्यांनी सभागृहात सांगितलं, बाहेरही तेच सांगितलं आणि विरोधातच मत दिलं. मला स्वतःला ते मत पटलं नाही. पण नोंद स्वच्छ आहे, बोलणं आणि मत जुळतं.

कधीकधी तर मत सगळ्यांचं सारखं असतं आणि फरक भाषणात असतो. मराठा आरक्षणाचा निकाल ५ मे २०२१ ला लागला, त्यानंतर मागास ठरवायचा अधिकार राज्यांना परत देणारी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये आली. लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य. आता या शून्यावरून काय कळणार? काहीच नाही. पण त्या दिवशीची भाषणं काढून वाचा, ५० टक्क्यांची मर्यादा तशीच ठेवून नुसता अधिकार देऊन काय फायदा हा मुद्दा महाराष्ट्रातल्या विरोधी खासदारांनी मांडलाय. तुमचे खासदार त्यावर बोलले का गप्प होते ते तिथे कळेल.

मतदानाला गैरहजर राहणं म्हणजे विरोधच ना? (पुणे)

नाही. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो पाठिंबाच असतो, फक्त बिनसहीचा. निर्णय ‘उपस्थित आणि मतदान करणाऱ्यां’च्या बहुमताने होतो, म्हणजे तुम्ही उठून गेलात की जिंकायला लागणारा आकडा खाली येतो. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ ने पास झालं. राज्यसभा २४५ ची, बेरीज करा. जेडीयू आणि अण्णाद्रमुक विरोध जाहीर करून बाहेर पडले, इतर पक्षांचेही काही जण नव्हते. सगळे आत बसून लाल दाबते तर निकाल काय लागला असता हे सांगायला गणिताचे सर नकोत. गावाकडे जाऊन सांगता येतं आम्ही पाठिंबा दिला नाही, आणि दिल्लीत सांगता येतं आम्ही अडवलं नाही. नरो वा कुंजरो वा.

आजारपण, घरातलं कार्य, विमान चुकलं, हेही खरं असतं कधीकधी. एकदा गैरहजर दिसले म्हणून लगेच फासावर देऊ नका. पण अडचणीच्या प्रत्येक मतदानाला नेमकं विमान चुकत असेल तर मात्र विमानाचा दोष नाही.

चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलंय ‘९० टक्के हजेरी, शेकडो प्रश्न, संसद गाजवणारा आपला माणूस’. यावर किती विश्वास ठेवायचा? (अहिल्यानगर)

आकडे बहुधा खरे असतील, पीआरएस नावाची संस्था हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग असं सगळं मांडते, तिथूनच ते उचललेले असतात. पण हजेरी म्हणजे त्या दिवसाची नोंद. ११ वाजता नोंद करून सव्वाअकराला निघालात तरी दिवस भरला. मंत्र्यांना तर ती नोंद करावीच लागत नाही, त्यामुळे मंत्र्याची हजेरी शून्य दाखवणारी पोस्ट आली तर पुढे ढकलू नका, ती चुकीची आहे.

आणि टक्के कशाचे तेही बघा. १७वी लोकसभा पाच वर्षांत मिळून २७४ दिवस बसली, मुदत पूर्ण केलेल्या लोकसभांमध्ये सगळ्यात कमी. त्याच्या ९० टक्के म्हणजे साधारण २४७ दिवस, पाच वर्षांत. दुकानात कामाला असलेल्या पोराला एवढी सुट्टी दिली असती का मालकाने?

प्रश्नांचं थोडं सांगते, कारण यात खरंच काम दिसतं पण फसगतही होते. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित यादीत येतात, त्या २० मधलेही पहिले थोडेच तासाभरात होतात. प्रश्नांची यादी उघडून बघा, एकाच अतारांकित प्रश्नावर चार-चार, पाच-पाच खासदारांची नावं दिसतील. सारखा प्रश्न आला की एकत्र जोडतात आणि आकडा सगळ्यांचाच एकने वाढतो. त्यामुळे किती विचारले यापेक्षा काय विचारलं ते वाचावं. आपल्या भागातल्या कांद्यावर, धरणावर, रेल्वेवर नेमका प्रश्न आहे, की ‘सरकारने अमुक योजनेसाठी काय पावलं उचलली आणि त्याचा तपशील काय’ असा कुठल्याही मतदारसंघाला चालेल असा, हे दोन मिनिटांत कळतं. दहा प्रश्न वाचलेत तरी अंदाज येतो.

फ्लेक्सवर ‘खासगी विधेयक मांडलं’ (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) असंही असतं. चांगलंच आहे, त्यातून माणसाला काय हवंय ते कळतं. फक्त स्वातंत्र्यानंतर आजवर अशी १४ च विधेयकं कायदा झालीयेत आणि शेवटचं १९७० साली. तेव्हा ‘कायदा आणला’ असं लिहिलं असेल तर ‘मांडला’ असं मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या.

विधान परिषदेच्या निवडणुकीत ‘मतं फुटली’ म्हणतात, मग फुटणाऱ्यांची नावं का जाहीर होत नाहीत? (सोलापूर)

कारण ते मतदान गुप्त असतं. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र २००३ पासून मतपत्रिका आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते. जून २०२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन्ही निवडणुका झाल्या होत्या. १० तारखेला राज्यसभेच्या वेळी सुहास कांदेंचं मत दाखवण्याच्याच कारणावरून बाद झालं, आणि २० तारखेला परिषदेत मतं फुटली ती गुप्तच राहिली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. अशा निवडणुकांत कोण फुटलं याची जी नावं फिरतात ती अंदाजाने लावलेली असतात, तेव्हा आपल्या आमदाराला त्यावरून शिव्या घालण्याआधी थोडं थांबा.

टीव्हीवर मी स्वतः ऐकलेलं वाक्य संसदेच्या वेबसाईटवरच्या भाषणात नाहीये. गायब कसं केलं? (नागपूर)

कामकाजातून काढून टाकलं. अध्यक्षांना एखादा शब्द असंसदीय किंवा बदनामीकारक वाटला तर ते काढायला सांगतात, त्या जागी फुल्या दिसतात आणि खाली टीप असते. याची उलट गंमतही आहे. काही भाषणं इतिवृत्तात लांबलचक छापलेली असतात पण प्रत्यक्षात केलेलीच नसतात, वेळ संपला म्हणून परवानगी घेऊन लेखी भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवलेलं असतं. तीही खाली बारीक टीप असते, ती वाचा. पटलावर ठेवलेल्या भाषणाला कोणी टोकत नाही, कोणी प्रश्न विचारत नाही, आणि नंतर पुस्तिकेत मात्र ते ‘संसदेत गर्जना’ म्हणून छापलं जातं.

मला आमच्या आमदारांना पत्र लिहून जाब विचारायचाय. कसं लिहू? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

जाब म्हणून लिहू नका, नेमका प्रश्न म्हणून लिहा. ‘तुमची भूमिका काय’ असं विचारलंत की भूमिकाच मिळते, दोन पानं. त्यापेक्षा एक विधेयक, एक तारीख आणि एक प्रश्न. ‘अमुक तारखेला अमुक विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. आपण सभागृहात होता का? होय म्हणालात की नाही? त्यानंतर अमुक सभेत आपण त्याविरुद्ध बोललात ते कसं?’ बस. खाली गाव, वॉर्ड नाहीतर गण लिहा म्हणजे मतदारसंघातले आहात हे कळतं. आणि एकट्याने न पाठवता आठ-दहा जणांनी तेच पत्र वेगवेगळं पाठवलंत तर ऑफिसात निदान चर्चा होते.

उत्तर नाही आलं तर त्याची तारीखही लिहून ठेवा, निवडणुकीच्या वेळी दारात आले की कामाला येते.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी असं पत्र आमच्या आमदारांना पाठवलं होतं, अगदी याच नमुन्यात. पंधरा दिवसांनी त्यांच्या पीएचा फोन आला, माणूस गोड बोलायला. म्हणाला मॅडम पत्र वाचलं, साहेबांनीही वाचलं, फार अभ्यासपूर्ण आहे. मी म्हटलं बरं, मग होय म्हणाले होते की नाही? जरा वेळ गेला. मग तो म्हणाला, ते बघून सांगतो, पण आधी मला एक सांगा, तुम्ही कुठल्या गटाच्या?